जहाजावरची जोडखोली

ते एकोणीसशे छत्तीस साल. पौष सरत आला होता, आणि जुन्या हुबळीतल्या त्या घराच्या माजघरात जमिनीवर एक अख्खं जहाज पसरलं होतं… कागदावरचं!

पद्मनाभाला नैरोबीत शाळामास्तराची नोकरी लागली होती. पासपोर्टाच्या कामासाठी तो पुढे मुंबईला गेला होता, आणि तिथून त्याने जहाजाचा नकाशा धाडला होता. 'मुलं लहान, प्रवास बारा दिवसांचा. खोली कुठली घ्यायची ते तुम्ही दोघींनी ठरवा.'

दोघी म्हणजे त्याची बायको शकुंतला आणि थोरली बहीण अंबूताई. पण नकाशावर वाकली होती ती अंबूताईच. लाल लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, मांडीवर दोन वर्षांची वेणू. वेणू जन्मली तेव्हा शकुंतलेने आठ महिने अंथरूण धरलं होतं; तेव्हापासून पोर अंबूताईच्या कुशीवाचून निजत नसे.

"अक्का, मी वरच्या पलंगावर!" पाच वर्षांचा राघू नाचत म्हणाला.

"गप रे! वर निजलास तर मासे येऊन पाय ओढतील." अंबूताईने वीत लावून नकाशा मोजला. "शकू, ही खिडकीची खोली दिसायला छान, पण हिच्यात दोन जागा वर अन् दोन खाली. जहाज डोललं की पोर वरून पडायची. आणि ही बघ, जोडखोली. मधे दार. सगळ्या जागा खाली. न्हाणीघर शेजारी, मुदपाकखाना लांब."

"तुम्ही ठरवाल ते, वन्सं. मला तर नुसतं बघूनच गरगरतंय."

"आणि मी येणार ती इकडच्या खोलीत. वेणू माझ्यापाशी." बोलून गेली आणि अंबूताई स्वतःच दचकली… आपण येणार असं आपण म्हणालो!

शेजारचे बाळाचार्य ओसरीवर बसले होते. त्यांनी तिथूनच खाकरून म्हटलं, "अंबूबाई, मडीची, सोवळ्यातली बाई तू. समुद्र ओलांडायचा नसतो."

"आचार्य, मारुतीनं ओलांडला होता की!"

"तो उडून गेला, बाई. तिकीट काढून नव्हे."

"मग तुम्ही मंत्र सांगा, मी उडते. तोवर एवढं सांगा, माघात सूर्य दक्षिणेकडून, जहाज नैर्ऋत्येला. ऊन कुठल्या बाजूला?"

आचार्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. "डाव्या."

"झालं तर. उजवीकडची जोडखोली!" आणि कित्येक वर्षांनी ती खळखळून हसली.

किती वर्षांनी! चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परतली. दोन वर्षांनी आई गेली, आणि सात वर्षांचा पद्मनाभ तिच्या पदरात आला. तिला पुण्याला शिकायला पाठवायचं निघालं होतं. ती म्हणाली, "बेड." कानडीत 'नको'ला बेड म्हणतात, आणि तिथल्या घरांतून मराठी बोलता बोलता तो शब्द येतोच, पण अंबूताईच्या तोंडी जणू तेवढा एकच शब्द उरला होता. नवं लुगडं? बेड. आंब्याची फोड? बेड, मुलांना द्या. राघू तर तिची नक्कल करून दाखवी… मान हलवत, डोळे मिटून, "बेड, बेड!"

चार दिवसांनी पद्मनाभाचं पत्र आलं. 'जोडखोली उत्तम निवडलीत. पण अक्का येणार असेल तरच ती घ्यायची, नाहीतर चौघांना चार बेडची एकच खोली मिळेल. इथे निजायच्या जागेला बेड म्हणतात. अक्कासाठी बेड सांगू का? तिचं तिनेच स्वतःच्या हाताने लिहावं, म्हणजे मागून कुणाला बोल नको. उलट टपाली कळवा.'

शकुंतलेने पोस्टकार्ड लिहायला घेतलं. राघूचा खोकला, वेणूचे दात, ट्रंकेचं कुलूप… लिहिता लिहिता कार्ड भरलं, खालचा एक कोपरा तेवढा उरला. "वन्सं, लिहा तुमचं."

अंबूताईने हात धुतले, बोरू नीट पुसला. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःसाठी काही मागणार होती! लांबलचक लिहायला जागा नव्हती, आणि धीरही नव्हता. पत्रातला तो नवा, ऐटबाज शब्द तिने कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत उतरवला, 'बेड', आणि खाली सही केली, 'अंबू'.

मग ती दुर्गदबैलच्या बाजारातून एक लहानशी पत्र्याची पेटी घेऊन आली. तिच्यात दोन लुगडी ठेवली, मेतकुटाचा डबा ठेवला, वेणू डोलत्या जहाजात घरंगळू नये म्हणून कमरेला बांधायचा मऊ पट्टा शिवून ठेवला…

आठव्या दिवशी पद्मनाभ आला. शकुंतलेच्या हाती त्याने तिकिटं दिली. अंबूताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एक, दोन, तीन, चार…

"खिडकीची खोली मिळाली," पद्मनाभ जमिनीकडे बघत म्हणाला. "अक्का, तुझ्या मनासारखं झालं ना?"

मनासारखं! ज्याला हाताने भरवलं, तो असं बोलतो? विचारावं का त्याला, अरे, का टाकलंस मला? पण ज्या जिभेने कधी मागितलं नाही, ती जाब तरी कशी मागणार!

"हो रे बाबा," ती म्हणाली. "सुखरूप पोचा म्हणजे झालं."

शकुंतला नवऱ्याकडे बघत राहिली. "अहो, पण वेणू…"

"तिनेच ठरवलंय," तो तुटकपणे म्हणाला. अंबूताई तोवर आत वळली होती. मेतकुटाचा डबा आणि तो पट्टा तिने त्यांच्या ट्रंकेत ठेवला. हुबळी स्टेशनवर वेणूची मूठ तिच्या पदरातून सोडवायला दोघं लागले. गाडी सुटल्यावरही ते रडणं कितीतरी वेळ कानांत होतं…

तिकडून पत्रं आली. अंबूताईने वाचली, उत्तर एकाचंही दिलं नाही. पुढे महायुद्ध पेटलं, जहाजांचा भरवसा उरला नाही, पत्रंही विरळ झाली. घर तेवढं ती सांभाळत राहिली.

शेहेचाळीस साली ती मंडळी परत आली. टांगा दारात थांबला. आधी पद्मनाभ उतरला, कानशिलांवर पांढरा झालेला, मग शकुंतला, मग उंच झालेला राघवेंद्र. शेवटी उतरली बारा वर्षांची वेणू… डावा पाय ओढत, कठड्याला धरत.

भाकरतुकड्याचं ताट अंबूताईने खाली ठेवलं. "हिच्या पायाला काय झालं?"

पद्मनाभ ट्रंक उतरवायला वळला. शेवटी शकुंतला पदरात तोंड खुपसून म्हणाली, "जहाजावर, वन्सं… चौथ्या दिवशी. दुपारी वरच्या जागेवर निजवली होती, पट्टा मी बांधला नव्हता. जहाज हेलकावलं… तिकडच्या डॉक्टरनं हाड वाकडं जोडलं. तुम्हाला कळवायचा धीर झाला नाही."

"वरच्या जागेवर? अगं, मी खालच्या जागांची खोली काढली होती ना! कशाला बदललीत ती?"

"ती तुझ्यासाठी होती, अक्का," पद्मनाभ पुटपुटला. "तू नको म्हणालीस."

"मी? मी कधी म्हणाले नको?"

"कार्डावर लिहिलंस की. बेड."



"अरे देवा…" अंबूताई भिंतीला टेकली. "बेडच लिहिलं होतं रे! तुझ्या पत्रातला बेड! निजायचा! मला यायचं होतं… जन्मात एकदा मी हवं म्हणाले, आणि तू ते नको वाचलंस!"

पद्मनाभाने बहिणीचे पाय धरले. त्याचे अश्रू तिच्या पावलांवर पडत होते. पण अंबूताईची नजर त्याच्या वाकलेल्या मानेवर खिळली होती, आणि तिने हळू, अगदी हळू विचारलं, "पद्दू, तो शब्द तूच लिहिला होतास पत्रात. कार्ड वाचताना तुला जरासुद्धा शंका आली नाही?"

तो खोटं बोलू शकला असता. तिने मानलंही असतं.

"आली होती," तो म्हणाला. "दोनदा वाचलं. तार करून विचारावं असंही मनात आलं. पण… नवा देश, नवी माणसं, आणि सोबत लाल लुगड्यातली सोवळी बहीण… मला लाज वाटली, अक्का. तुझा तो नको मला हवा होता."

अंबूताईने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने तिचा हात त्याच्या केसांवर आला. "ऊठ," ती म्हणाली. "पोरगी उन्हात उभी आहे." तिने चौघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं, पानं वाढली. त्या दिवशी ती मात्र जेवली नाही.

त्यानंतर त्या घरात त्याविषयी कुणी बोललं नाही. पद्मनाभ धारवाडच्या एका शाळेत लागला. दर शनिवारी तो हुबळीला येई, बहिणीसमोर तासन् तास बसे. दोघं भाजीपाल्याचं, हवापाण्याचं बोलत. शकुंतलेला पुढे अर्धांगवायू झाला. तिची सगळी सेवा अंबूताईने केली, आणि नणंदेच्याच मांडीवर तिने प्राण सोडला. राघवेंद्र परत नैरोबीला गेला, तिकडेच त्याने संसार थाटला. वेणू मास्तरीण झाली. तिचं लग्न जमलं नाही. लोक पायाचं कारण सांगत. आत्याकडे ती येई, चांगलं वागे, पण कुशीत निजल्याचं तिला काहीएक आठवत नव्हतं, आणि अंबूताईनेही ते कधी सांगितलं नाही.

अंबूताई एकसष्ट साली गेली. हुबळीहून कारवार काही फार दूर नाही. समुद्र दाखवायला म्हणून पद्मनाभाने दोनदा मोटार ठरवली, दोन्ही वेळा मोटार दारातून रिकामी परत गेली. वेणूने एकदा कारण विचारलं, तर तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "आता तिथे जाऊन मी कुणाला सांभाळू, बाळ?"