वरची दोन बटणं

लिफ्ट बंद होती, म्हणून आमची भेट झाली. पनवेलच्या हॉस्पिटलात जिन्याच्या पहिल्या पायरीशी तो मोबाइल बघत उभा होता. मी जवळ येताच बाजूला सरकला.

"जा ना मॅडम. लेडीज फर्स्ट."

आगाऊच आहे, असं मनात म्हणत मी वर गेले. दहा मिनिटांनी तोच घामाघूम होऊन माझ्या टेबलासमोर बसला. हितेश, उरणच्या कोळीवाड्यातला... आणि मी अंकिता, त्याच्या नव्या गोळ्यांच्या चाचणीची प्रश्नावली भरून घेणारी.

स्नायू हळूहळू निकामी करणारा त्याचा आजार इतका दुर्मिळ, की देशभरातून जेमतेम नऊ पेशंट मिळाले होते. गोळ्या सुरू होण्याआधी एकदा आणि नंतर दर तीन महिन्यांनी विचारायचं; गोळ्यांनी फरक पडतो का, हे त्यांनीच सांगायचं. प्रश्न छापील, मी फक्त वाचायचे.

"शर्टाची बटणं लावताना त्रास होतो?"

त्याने टी-शर्टची बाही नीट केली आणि माझ्याकडे बघून हसला. "अजिबात नाय."

"जिना चढताना?"

"तुमी वर असल्यावर कसला त्रास?"

मी हसू दाबत शून्यावर खूण केली. शून्य म्हणजे त्रास नाही.

मग तो दर तीन महिन्यांनी यायचा. त्या दिवशी मी कानातले बदलून जायचे. एकदा त्याने कागदात बांधून सुक्या कोलंबीचे सोडे आणले. माझ्या पर्सला आठवडाभर वास येत होता, आणि मला चक्क तो आवडत होता.

तिसऱ्या खेपेला तो निळा शर्ट घालून आला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"कुठे निघालात एवढे नटून?"

"इथंच तर आलो..."

मी घाईघाईने कागदात बघितलं. "बटणं लावताना त्रास होतो?"

"अजिबात नाय," तो म्हणाला, आणि केवढ्या आनंदात म्हणाला. मी पुन्हा शून्यावर खूण केली.

मग चाचणी करणाऱ्या कंपनीचा मेल आला. नऊपैकी पाच जणांना फरक दिसायला हवा होता, चौघांनाच दिसला. चाचणी बंद, गोळ्या बंद.

हितेशला सांगितलं तेव्हा त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"मॅडम... पयल्या दिवशी मी खोटं बोललो. कपडे आय घालायची मला. जाळं शिवायची सुई दोन वर्सं धरता येत नव्हती. या गोळ्यांनी धरता आली."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमच्यासमोर? पयल्यांदाच बघत होतो तुमाला... कसा सांगू?"

पहिलंच उत्तर शून्य, म्हणून त्याचा फरक कागदावर दिसलाच नव्हता; पाचवा तोच होता. जिना चढून घामाघूम झालेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला होता, तरी खूण शून्यावरच केली होती. त्याच्या तोंडून मला तेच ऐकायचं होतं. मी कंपनीतल्या सगळ्यांना फोन केले, हातापाया पडले. एकदा नोंदवलेलं उत्तर बदलता येत नाही, एवढंच सगळे म्हणाले.

गोळ्या संपून आज दोन महिने झाले. काही काम नसताना तो आला. तोच निळा शर्ट, वरची दोन बटणं उघडी.

"नवी फॅशन वाटतं?" मी विचारलं.

मी उठून त्याच्यापाशी गेले.

"त्रास होतो?"

"होतो," तो म्हणाला. "जाम होतो, अंकिता."

मी ती दोन बटणं लावली.

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

"तवाच सांगायचं ना..." तो म्हणाला. "मी पन खरं सांगितलं असतं."