नमुन्याचं छप्पर

सोलापूरला वळीव सांगून येत नाही. त्या दुपारी तो आला, आणि त्याच्या मागोमाग एक मोटारसायकल सरळ आमच्या नमुन्याच्या छपराखाली शिरली.

होटगी रोडला आमचं छपराच्या सामानाचं दुकान. पत्रे, कौलं, आणि अलीकडे डांबरी शिंगल. शिंगल म्हणजे डांबराच्या चपट्या, लवचिक फळ्या. वर दगडाची रंगीत कच बसवलेली, प्लायवूडवर एकीवर एक चढवत ठोकायच्या. गिऱ्हाइकाला नीट कळावं म्हणून मी दुकानापुढे एक छोटं उतरतं छप्परच उभं केलं होतं, प्रत्येक ओळ वेगळ्या रंगाची. त्याच्या सावलीत एरवी गल्लीतलं कुत्रं बसायचं. आज कुत्र्याशेजारी हा मोटारसायकलवाला.

"गिऱ्हाईक आहात, की नुसतेच भिजलेले?" मी विचारलं.

"आदी भिजलेला," तो म्हणाला. मग मान वर करून त्यानं कान दिला. "एवढा पाऊस पडतोय… अन् ह्याचा आवाज कसा न्हाय हो?"

लोक रंग विचारतात, भाव विचारतात. आवाज विचारणारा हा पहिलाच. पापण्यांवरचं पाणीसुद्धा पुसायचं भान नव्हतं त्याला, आणि मला उगाचच तिकडे बघत राहावंसं वाटलं.

त्याचं नाव इंद्रजीत. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी, घर उजनीच्या पाण्याकाठच्या गावात. आई, सोजरबाई, तिथं एकटी असायची. जुनं घर पाडून नवं बांधायचं चाललं होतं. "पत्र्यावर पाऊस वाजला की आईला झोप न्हाय," तो म्हणाला. "वडील गेले तवाबी असाच वाजत हुता."

मग मी त्याला सगळं खरं सांगितलं. आपल्या उन्हात गडद रंग घेऊ नका. माथ्याला गरम हवा जायला फट ठेवा. प्लायवूड हलकं घ्याल तर फुगेल. गल्ल्यावरून अप्पा खाकरले. माझे वडील, ईरप्पा, गिऱ्हाइकाशी मराठी बोलायचे आणि घरच्या माणसांशी कन्नड. हा त्यांचा नियम कधी मोडला नाही. त्या दिवशी ते मला कन्नडमध्ये म्हणाले की माल विक, कीर्तन करू नकोस.

पुढं प्रत्येक रविवारी इंद्रजीत यायला लागला. एक नमुना घेऊन जायचा, पुढच्या रविवारी परत आणायचा. सकाळच्या उन्हात एक दिसतो, संध्याकाळी दुसराच, अशी त्याची तक्रार. मुलगी बघायलासुद्धा माणसं इतके हेलपाटे घालत नाहीत, असं मी म्हटलं, तर तो नुसता हसला. शेवटी त्यानं विचारलं, "तुमी तुमच्या घराला कंचा लावला असता?"

मी वाळूच्या रंगावर बोट ठेवलं. "मग त्योच," तो म्हणाला. राहणार किती माणसं, मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "आई अन् मी… म्होरं बगू की." ते 'म्होरं बगू' त्या रात्री मला झोपू देईना.

दसऱ्यानंतर छप्पर चढलं. आमचा फिटर बिरुदेव पक्का माणूस, तरी शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेले. छपराची निगा कशी राखायची ते इंद्रजीतला समजावून सांगितलं. पावसाच्या आधी आणि नंतर पाला झाडायचा. दुपारच्या उन्हात वर पाय द्यायचा नाही, कच सुटते. स्लॅबला मारतो तसा उन्हाळ्यात चुना मारायचा नाही. आणि कधी एखादं शिंगल बदलायचं झालंच, तर पहाटेच. "खालची डांबराची पट्टी उन्हानं चिकटून बसते. गार असताना पातळ पट्टी सरकवली की अलगद सुटते. उन्हात ओढाल तर फाटेल."

तो माझ्या हातांकडे बघत ऐकत होता. "म्हंजी आता काय काम उरलं न्हाय तुमचं…"

"नाही की," मी म्हणाले.

मग रविवार यायचे आणि जायचे. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की हातातलं माप चुकायचं. सगळे दुकानदार तक्रार येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसतात, आणि मी रोज मनात म्हणायची की त्या छपराला काहीतरी होऊ दे. कितीदा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. छप्पर बरं आहे ना, एवढंच विचारायचं होतं, पण तेवढंच विचारायचं नव्हतं. मेल्या छपराला काहीसुद्धा होईना.

त्यातच अक्कलकोटचं स्थळ आलं. मुलगा गुरुशांत, नाव ठेवायला जागा नाही. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. माझं गप्प राहणं म्हणजे लाज, असं अप्पांनी धरलं. अमावास्या टळली की होकार कळवू, म्हणाले.

आणि चैत्रात फोन आला. "म्हेश्वरी मॅडम… एक तक्रार हाय. वाऱ्यानं शिंगल उडालं."

बिरुदेवला घेऊन मी निघाले. तो खाली हत्यारं काढेपर्यंत मी ओढणी कमरेला खोचून शिडी चढले. माझ्या मागून इंद्रजीत, हातात ते शिंगल. मी ते उलटून बघितलं. वाऱ्यानं उडालेलं शिंगल दुमडतं, खिळ्यापाशी फाटतं. ह्याच्या कडा शाबूत होत्या, खिळ्यांची भोकं गोल, डांबराची पट्टी जशीच्या तशी. शेजारच्या केळीचं एकही पान फाटलेलं नव्हतं.

"वारं कधी आलं?"

"काल…"

"पहाटे, गार असताना आलं असेल."

त्याचे कान लाल झाले. खालून सोजरबाईंनी हाक दिली. "पोरी, च्या ठिवलाय. ह्यो काल पाटंपासनं वरच बसला हुता, काय करत हुता देव जाणे."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. मी त्याला अक्कलकोटचं सांगून टाकलं. अमावास्या झाली की होकार जाणार, तेही सांगितलं. त्यानं उजनीच्या पाण्याकडे तोंड फिरवलं.

"न्हाय म्हना की."

"कुणासाठी?"

"माज्यासाटी." तो माझ्याकडे वळला. "आई आता झोपती. पर मला झोप न्हाय. पाऊस वाजत न्हाय, तुमी बोलत न्हाय… एवढी शांतता मला नको हाय."

मलाही नको होती. कधीच नको होती. मी तसं म्हणाले, आणि वर म्हणाले, "पण तक्रार दुकानात द्यायची असते. गल्ल्यावर."

तो अमावास्येच्या आधीच्या रविवारी आला. नमुन्याच्या छपराखाली गाडी लावली आणि ते शिंगल अप्पांपुढे ठेवलं.

"हे वाऱ्यानं उडालं न्हाय. म्या काढलं."

अप्पांनी भोकांवरून अंगठा फिरवला. "का?"

"ह्यास्नी बोलवायला."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघायला हवं होतं, पण बघितलं नाही. मग त्यांनी गाव विचारलं, नोकरी विचारली, आईचं विचारलं. सगळं कोरड्या मराठीत, गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

"हातानं काढलेल्या मालाला वॉरंटी नसते," ते म्हणाले.

"ठाव हाय."

मग अप्पांनी पायानं स्टूल पुढे सरकवलं.

"कुंड्रप्पा," ते त्याला कन्नडमध्ये म्हणाले.

इंद्रजीतनं गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"बस म्हणतात," मी सांगितलं. बाकीचा अर्थ त्याला सावकाश सांगायचा होता. आता घाई नव्हती.