एकोडीच्या अंगणातलं जपान

साकोलीच्या बस स्टँडजवळ जागेश्वरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी एकोडीची रुखमिणी तिथं आली, कडेवर लेकरू घ्यावं तसा रेडिओ घेऊन. त्यानं बटण फिरवलं, तर रेडिओ सिलोन खणखणीत लागलं.

"लागून राहिलं ना सिलोन. मंग बिघडलं काय?"

"जपान लागत नाही," रुखमिणी म्हणाली.

जागेश्वरनं मान वर केली... आणि ती जरा जास्तच वेळ वर राहिली. रुखमिणीनं आपली नजर टेबलावरच्या तारांकडे वळवली.

"जपानात कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही. म्हणून त पाहावं वाटते, ते लोक कसे बोलतात, कसे लिहितात..."

मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या रुखमिणीला हा नाद सिलोन शोधता शोधताच लागला होता. एका संध्याकाळी काटा घसरला, आणि एक बाई गोड हिंदीत जपानी शब्द शिकवताना ऐकू आली. शेवटी ती म्हणाली, पत्ता कळवा, पुस्तक फुकट पाठवू. फुकट म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी शंका घेतो आणि मग रांग लावतो. रुखमिणीनं शंका न घेता पत्र टाकलं, आणि पुस्तक खरंच आलं.

गिरवायला कागद नव्हता, पण सडा टाकलेलं अंगण होतं. कमळं आणि पावलं सोडून ती रोज सकाळी रांगोळीनं एकेक जपानी अक्षर काढू लागली. दिवसभरात कोंबड्या ते विस्कटून टाकत, की दुसऱ्या सकाळी पाटी पुन्हा कोरी.

जागेश्वरनं तिला तांब्याची लांब तार दिली आणि छपरावरून आंब्यापर्यंत बांधायला सांगितली. जपान शेजारच्या घरातून बोलावं तसं ऐकू येऊ लागलं. खरं तर मग दुकानात जायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी दर बाजारी ती जायची, आणि तो विचारायचा की या खेपेला काय शिकलात. काउंटरच्या काचेवरल्या धुळीत ती बोटानं अक्षर काढून दाखवायची. काच पुसायचं त्यानं सोडूनच दिलं होतं.

"मले बी शिकवा ना," तो एकदा म्हणाला.

"फुकट?"

"तुम्हाले जपानवाल्यांनी काय फी लावली?"

ती हसली, आणि घरी येईपर्यंत हसतच होती. हा माणूस आपल्याला आवडायला लागला आहे, हे तिला त्या दिवशी स्वच्छ कळलं.

आणि तेवढ्यात शेजारच्या शकुनबाईची म्हैस आटली. म्हैस म्हातारी होती, पण ते कोण ऐकतो? लक्ष्मणरावाची पोरगी अंगणात कसल्या खुणा काढते, ही करणीच आहे, असं शकुनबाई गावभर सांगत सुटली. साकोलीहून पाहुणे मुलगी पाहायला यायचे होते, तेही आले नाहीत. आई रडली. वडिलांनी, लक्ष्मणरावांनी, रेडिओ उचलला आणि विकून टाका म्हणून जागेश्वरच्याच दुकानात नेऊन ठेवला. रेडिओ गेला म्हणजे जपान गेलं, आणि साकोलीची वाटही बंद झाली. रुखमिणी त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या सकाळी तिनं सडा टाकला, आणि वडिलांनी बजावलं असूनही एक अक्षर काढलंच. चौकोन, आणि त्यात एक उभी रेघ, एक आडवी. शकुनबाई कुंपणापाशी येऊन ओरडू लागली, लक्ष्मणराव बाहेर आले, आणि त्याच वेळी रेडिओ बांधलेली सायकल अंगणात शिरली.

जागेश्वरनं रेडिओ ओसरीवर ठेवला. अंगणाकडे पाहिलं, मग लक्ष्मणरावांकडे.

"काकाजी, हे काय दिसते तुम्हाले?"

लक्ष्मणराव रागातच होते. पण जन्म धानात गेलेला माणूस! त्यांनी पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं.

"धुरे दिसते," ते रेघांकडे बोट दाखवत म्हणाले. "मधात धानाच्या चार बांध्या आहेत."

"जपानात बी याले धानाचं वावरच म्हणतात. तुम्ही जपानी वाचली, काकाजी."

शकुनबाईनं कुंपणावरून वाकून बघितलं. बांध्याच होत्या. तिची म्हैस रेकली, तशी ती तिकडे गेली.

लक्ष्मणराव मात्र खाटेवर बसले. आता आवाजात राग नव्हता, काळजी होती. "हे मले समजलं, बापू. पण लोकायले कोण समजावन? कोणाच्या दारात चालन हे असं?"

जागेश्वर सायकलची घंटी उगीच पुसत राहिला.

"माह्या दारात चालन," तो म्हणाला. "माय गेली तेव्हापासून आमच्या अंगणात कोणी रांगोळीच काढली नाही."

लक्ष्मणरावांनी त्याला नीट न्याहाळलं. गाव कोणतं, कोणाचा पोरगा, वावर किती, सगळं विचारून घेतलं, आणि चहा ठेवायला सांगायला आत गेले.

अंगणात दोघंच उरली. रुखमिणीच्या मुठीतली रांगोळी घामानं ओली झाली होती.

"मले त विचारलंच नाही तुम्ही," ती खाली बघत म्हणाली.

"आता... विचारून राहिलो."

मग तिनं मान वर केली.

"केवढं आहे तुमचं अंगण?"