पाण्याच्या टाकीजवळचं नेटवर्क

तो तिला पहिल्यांदा दिसला, तेव्हा अर्धाच होता. वरचा अर्धा छतात गेला होता.

"उरलेले कधी येणार?" सिस्टरने शिडीवरच्या पायांना विचारलं.

"वायर सापडली की," पाय म्हणाले.

डोंगरावरच्या त्या दवाखान्यात ती एकटीच. बोलायला वजनकाटा होता, पण तोही वाढवून सांगायचा. डॉक्टरबाई शहरात, पडद्यावर. नेटवर्क मात्र फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. तिथे पाळीबद्दल काही विचारलं, तर खाली गिरणीपर्यंत ऐकू जायचं. म्हणून बायका विचारतच नसत. लाइन खालच्या बंद खोलीत आणायची, आणि जायचं – एवढंच वायरवाल्याचं काम.

चाचणीसाठी तिने त्यालाच पेशंटच्या खुर्चीत बसवलं आणि गच्चीवरून फोन लावला.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"आठवत नाही, सिस्टर."

"दिवस गेलेत का?"

"...अजून विचार केला नाही."

"पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या."

ती हसली. इतक्या महिन्यांनी, की स्वतःच दचकली.

लाइन लागली. पहिलीच आली वाण्याची सून, आणि तिची सासू दाराला कान लावून उभी. वायरवाल्याने शांतपणे ड्रिल काढलं आणि बाहेरच्या भिंतीला भोकं पाडायला सुरुवात केली.

"अरे मेल्या, हे काय करतोस?"

"हवा खेळती राहते, मावशी!"

त्या घरघराटात आत कानाला हेडफोन लावून सून पहिल्यांदाच मोकळं बोलली – इतक्यात तिसरं नको, तांबी बसवता येईल का? डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. निघताना सुनेने सिस्टरचा हात घट्ट दाबला.

आता त्याला थांबायला कारण उरलं नव्हतं. तो उरलेली वायर गुंडाळू लागला... फारच सावकाश.

"लाइन छान झाली," सिस्टर म्हणाली. "म्हणजे... वाईट झालं. तुम्ही गेलात की मला करमणार नाही. वेड्यासारखे आवडायला लागलात हो तुम्ही मला!"

"सिस्टर," पडदा खाकरला, "मी अजून लाइनवर आहे. आवाज अगदी स्वच्छ येतोय."

वायरवाला कानापर्यंत लाल झाला. "रविवारी मला सुट्टी असते," तो पडद्याकडे बघत पुटपुटला.

"मला काय सांगता? तिला सांगा!"

तो वळला. "रविवारी... मला सुट्टी असते." या वेळी तिच्या डोळ्यांत बघून.

त्याची जीप वळणाआड गेली आणि डोंगर पुन्हा गप्प झाला. आज सोमवार होता. रविवार एवढा लांब असतो, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.