ऑलदो कुठं बसवायचा

नागपूरच्या इतवारीत मारोतरावांच्या साड्यांच्या दुकानावर एक माळा आहे. तिथं सकाळी सात ते आठ त्यांची मुलगी रितिका इंग्रजी लिहायला शिकवते. सुशील त्या माळ्यावर पहिल्यांदा आला, तो शिकायला नव्हे. शेजारच्या गोदामाचा जिना समजून तो हा जिना चढला. खांद्यावर भिवापुरी मिरचीच्या नमुन्याची पिशवी, आणि पिशवीची शिवण उसवलेली. तो फळ्यापाशी पोचेपर्यंत अख्खा वर्ग शिंकू लागला. रितिकाला सलग सात शिंका आल्या. त्यानं त्या मोजल्या, हे तिनं पाहिलं; आणि आठव्या शिंकेसाठी तो जरा थांबला, हेही.

पुढच्या सोमवारी त्यानं वर्गात नाव घातलं. त्याच्याकडून मिरची घेणारा कोचीचा मसाल्याचा व्यापारी इंग्रजीत पत्रं धाडतो, उत्तर द्यायला येत नाही, हे कारण. कारण खरंच होतं. पण मागचे तीन बाक रिकामे असताना त्यानं पहिलाच का धरला, याला कोचीचा व्यापारी जबाबदार नव्हता.

त्याची चूक एकच, पण मोठी इमानी. ऑलदो, म्हणजे इंग्रजीतला ‘जरी’, लिहिला की मागोमाग बट यायचाच. ऑलदो मिरची लहान आहे, बट लाल फार आहे. ऑलदो पाऊस कमी झाला, बट माल वेळेवर धाडू. रितिका लाल पेनानं बट खोडायची आणि पुन्हा समजावायची, की मराठीत जरी आलं म्हणजे तरी लागतंच, इंग्रजीत मात्र एकानं भागतं.

“एकट्यानं कसं भागते, मॅडम?” तो वहीकडे बघत म्हणाला. “जोडी तोडाची म्हणजे जिवावर येते.”

वर्ग हसला. रितिकाच्या हातातला खडू मोडला.

वर्ग सुटला की जिन्याखाली इंदूबाईंच्या ठेल्यावर पोहे. सगळे पोह्यांवर चण्याच्या रश्श्याची लालभडक तर्री ओतून घेत, रितिका कोरडेच खाई. तिखटाच्या वासानंच तिला शिंका येत. सुशीलला हे बघवत नसे. तर्रीशिवाय पोहे म्हणजे जरीशिवाय शालू, असं तो म्हणे. शालू नेसून शिंकत बसायचं का मग, असं ती विचारी. या वादात दोघांचेही पोहे गार होत, आणि गार पोह्यांबद्दल कुणाचीच तक्रार नसे.

डिसेंबरात त्याचे बट कमी होत गेले. शेवटी वहीत लाल शाई दिसेनाशी झाली. रितिकाला शिक्षिका म्हणून आनंद झाला… बाकी तिला थोडं चुकल्या-चुकल्यासारखंच वाटलं.

त्याच सुमारास कोचीहून पत्र आलं. दोन वर्षं कोचीत राहून आमचं गोदाम सांभाळा. होय-नाही शनिवारपर्यंत कळवा. पोरगा कोचीला चालला, असं सुशीलच्या देवाजीकाकांनी तेवढ्यात गावी भिवापूरभर सांगूनही टाकलं. सुशीलनं ठेल्यावर रितिकाला सांगितलं, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. ती पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला करत होती.

“चांगलं आहे की,” ती म्हणाली.

“हो. चांगलंच आहे,” तो म्हणाला.

शनिवारी बाकीचे खाली उतरल्यावर त्यानं उत्तराचा कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं लाल पेनाचं टोपण काढलं. मधलं एक वाक्य तिनं तीनदा वाचलं. ‘ऑलदो आय वॉन्ट टू स्टे इन नागपूर, आय विल कम टू कोची.’ बट नव्हता. स्वल्पविराम जागच्या जागी. तीन महिन्यांत इतकं शुद्ध वाक्य त्यानं लिहिलं नव्हतं, आणि इतकं नकोसंही.

“चूक नाही?” त्यानं विचारलं.

“व्याकरणाची नाही.”

“मंग कायची?”

इथं थांबता आलं असतं. शिकवायचं ते शिकवून झालं होतं. खाली मारोतराव कुणाला तरी साडी उलगडून दाखवत होते. त्यांचा आवाज जिन्यातून वर येत होता. रितिका कागदाकडे बघूनच बोलली.

“ऑलदो ज्याच्यावर बसतो ना, ते आपण सोडून देतो. जे धरून ठेवायचं, ते दुसऱ्या बाजूला असतं. तुम्ही तो नागपूरवर बसवलाय.”

त्यानं कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, “काहून बसवला, इचारा नं. तुमीच तर म्हणाल्या, चांगलं आहे.”

“तसं म्हणायचं असतं.”

“म्हणजे तुमच्या बोलण्यातबी ऑलदो होता? मले दिसला नाई.”

“मी लिहायला शिकवते,” ती म्हणाली. “बोलायला… मलाही येत नाही.”

सुशीलनं तिच्या हातातलं लाल पेन घेतलं. त्याला जरा वेळ लागला. पेन आणि बोटं दोन्ही एकदम हातात आली होती. स्वतःचं वाक्य त्यानं स्वतःच खोडलं आणि खाली लिहिलं, ‘ऑलदो युअर ऑफर इज गुड, आय विल स्टे इन नागपूर.’ मग सांगितलं, की मिरची निवडणारा माणूसच तिकडं बसला तर इकडं निवडणार कोण. आणि काका चिडले तरी काकांच्या पोराला समुद्र पाहायची हौस आहे, तो जाईल.

“एवढंच कारण?”

“हे पत्रातलं झालं. बाकीचं मराठीत आहे.”

“मराठीत दोन लागतात,” तिनं आठवण दिली.

“मालूम आहे.” तो तिच्याकडे बघत राहिला. “जरी तुमी माझं दर वाक्य लाल करता…”

“…तरी?”

“तरी मले जन्मभर तुमच्याच हातानं दुरुस्त व्हाचं आहे.”

रितिकानं पेन परत घेतलं. पेनाला टोपण लावलं. मग ती जिना उतरली. तो मागून, दोन पायऱ्यांचं अंतर राखून. शेवटच्या वळणावर ते अंतर एका पायरीचं झालं.

इंदूबाईंनी नेहमीप्रमाणं कोरड्या पोह्यांची बशी पुढं केली.

“तर्री वाढा, इंदूबाई.”

“काहून वं? तुले तर चालत नाई.”

“नाही चालत,” रितिका म्हणाली, आणि सुशीलकडे वळून हळूच पुढचा शब्द बोलली, “तरी.”

इंदूबाईंनी पळीभर तर्री ओतली. पहिल्याच घासाला रितिकाला शिंक आली.

सुशील मोजू लागला.