डाव्या कानाची खाच

संपादकांनी पुढ्यातला चहा तसाच निवू दिला, तेव्हाच भाऊजींनी ओळखलं की पाणी गळ्याशी आलंय.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या सोबत फिरत. तपास वहिनींचा आणि पिशवी भाऊजींची, अशी वाटणी होती. ती बदलेल अशी आशा भाऊजींनीही सोडली होती.

टेबलावर मासिक उघडं होतं. उजव्या पानभर एक ओलं पाणमांजर, निम्मं पाण्याबाहेर, नजर डावीकडच्या वठलेल्या बुंध्याकडे. डाव्या कानाला खाच. शेजारी निनावी चिठ्ठी होती: ‘हे कॉलेजच्या संग्रहालयातलं पेंढा भरलेलं पाणमांजर आहे. डावा कान पाहा.’

“जाऊन पाहिला,” संपादक म्हणाले. “तशीच खाच, त्याच जागी. आज चार वाजता तळं बुजवण्याच्या प्रस्तावाची सुनावणी आहे. तळ्यात पाणमांजर आहे याला पुरावा एवढाच. हा खोटा असेल तर मला तो मागे घ्यावा लागेल. तळं जाईल आणि फोटो काढणारा होडीवाला जन्माचा खोटारडा ठरेल.”

“हे नेहमी उजवंच पान असतं?” वहिनींनी विचारलं.

“हो, आमच्या फोटो-स्पर्धेतला पहिल्या बक्षिसाचा फोटो उजवीकडेच.”

हा काय प्रश्न झाला, असं भाऊजींच्या मनात आलं. घड्याळात अकरा वाजले होते.

होडीवाल्याची खोली तळ्याच्या काठावरच होती. भिंतीवर तोच फोटो, काचेत घातलेला. भाऊजींनी फ्रेमच्या उजव्या कडेजवळच्या बुंध्यावर बोट ठेवलं. “हा कुठेय?”

“तो काय, समोर.” होडीवाल्याने खिडकीतून दाखवलं. “संग्रहालयाच्या सरांनीच मला पहिला कॅमेरा दिला, ताई. पण हा फोटो त्यांना दाखवायचा धीर झाला नाही. तळ्यात पाणमांजर उरलं नाही, असा अहवाल त्यांनीच दिलाय. गुरूला तोंडावर खोटं कसं पाडायचं? मासिकात आला, तेव्हाच त्यांना कळलं असेल.”

बाजारातल्या स्टुडिओवाल्याला स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं होतं, आणि ते त्याच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

“जळलो, नाही कशाला म्हणू? पण त्याचा फोटो मीच छापला, फ्रेमही मीच केली. चिठ्ठ्या लिहिणं माझ्या स्वभावात नाही. शिव्या द्यायच्या तर समोर देतो.”

भाऊजींना हाच चोर वाटला. वहिनींनी मात्र संग्रहालयाची वाट धरली.

संग्रहालयात पाऊल टाकताच भाऊजींना शिंक आली. सर सत्तरीचे, ताठ, इस्त्रीच्या सदऱ्यातले. काचेच्या कपाटात पेंढा भरलेलं पाणमांजर उभं होतं. पायाशी बोराएवढ्या, पांढऱ्याशुभ्र डांबरगोळ्या.

“दहा वर्षांत कपाट उघडलेलं नाही,” सर म्हणाले. “किल्ली माझ्याशिवाय कुणाकडे नसते. काचेतूनच फोटो काढून तळ्याच्या फोटोत जोडला असणार. पोरगं हुशार होतं हो. मोहात पडलं.”

त्यांनी कपाट उघडलं. वहिनींनी भिंगातून कान पाहिला आणि भाऊजींना म्हणाल्या, “सगळ्यांना तीनला इथेच बोलवा. भिंतीवरचा फोटोही आणायला सांगा.”

तीन वाजता सगळे जमले. वहिनींनी फ्रेम आणि मासिक शेजारी ठेवलं.

“बुंधा पाहा. मूळ फोटोत उजवीकडे, मासिकात डावीकडे.”

संपादकांनी कपाळावर हात मारला. “प्राणी पानाबाहेर बघताना आम्ही छापत नाही. मांडणी करणारा फोटो उलटवतो. इतकं अंगवळणी पडलंय की लक्षातच आलं नाही.”

“मग खाच खरी कुठल्या कानाला?”

भाऊजींनी फ्रेम जवळ ओढली. “उजव्या!”

“आणि कपाटातल्याच्या डाव्या. म्हणजे फोटोतलं जनावर हे नव्हेच. ही खाच नंतर कापलीय. बाकी कातडं जुनं होऊन तपकिरी झालंय, खाचेची कड मात्र पांढरी आहे. कापणाऱ्याने फक्त मासिक पाहिलं होतं. स्टुडिओवाल्यांनी मूळ फोटो स्वतः छापला, ते उजवाच कान कापते. होडीवाल्याचं तर घरच त्या फोटोखाली. शिवाय डांबरगोळ्या वर्षभरात उडून जातात, भाऊजी, आपल्या स्वेटरांना विचारा. दहा वर्षं बंद कपाटात त्या बोराएवढ्या कशा? कपाट हल्लीच उघडलंय, आणि किल्ली एकाच माणसाकडे आहे.”

कुणी सरांकडे पाहिलं नाही. भाऊजींना त्या म्हाताऱ्याची कीव आली आणि रागही आला.

सर हळूच खुर्चीत बसले. “तीन वर्षं त्या तळ्याकाठी बसलो,” ते म्हणाले. “एकही दिसलं नाही. मग अहवाल लिहिला. माझ्या शब्दावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं कुणी, तर मीच शिकवलेल्या पोराने.” त्यांनी होडीवाल्याकडे मान वळवली. “खरंच आहे ते?”

होडीवाल्याचे डोळे भरले होते. तरी तो नेहमीच्याच आवाजात बोलला. “आहे, सर. तुम्ही काठावर बसलात. ते पलीकडच्या वेताच्या झुडपात असतं, होडीशिवाय दिसत नाही. उद्या सकाळी या, दाखवतो.”

सरांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. “उद्याचं उद्या. आधी चारच्या सुनावणीला ने मला. अहवाल चुकला, आणि ही खाच मी कापली, चिठ्ठीही मीच लिहिली, हे माझ्याच तोंडून गेलं पाहिजे.”

होडीवाल्याने त्यांना हाताला धरून उठवलं. भाऊजींनी न सांगता पिशवी उचलली आणि दोघांसाठी दार उघडून धरलं.