खाऱ्या तळ्यावरची हाक

कॅनडातल्या सस्काटूनच्या चारुदत्तांचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. किराणा दुकान चालवायचं तर तसंच राहावं लागतं. शेतकऱ्याने पोत्याच्या तोंडाचा मसूर दाखवला की हे कोपरापर्यंत हात घालून तळाचा काढत. "वरचा माल पाहुण्यांसाठी असतो," असं हसत म्हणत, आणि समोरच्याला राग येऊ नये म्हणून त्यालाच कॉफी पाजत.

त्या जूनमध्ये लेस्टर नावाच्या शेतकऱ्याचा मसूर बघून ते परतत होते. सोबत बायको, माधवी; घरी बाळंतपणाला आलेली लेक, अनुया. ती म्हणाली, "इतकी वर्षं झाली, या प्रांतातलं पाहिलं काय हो आपण?"

"पाहायला आहे काय? रस्ता सरळ, शेत सपाट. गावाकडे दाखवायला काही नसलं की नाक्यावर सिमेंटचं मूस-हरीण उभं करतात."

"खारं तळं आहे ना. त्यात म्हणे कुणी बुडत नाही. अनुयाच्या बाळाला घेऊन घेऊन गुडघे गेलेत माझे, जरा शेक बसेल."

"बुडत नाही असं सांगतो कोण? तिथला हॉटेलवाला."

पण मागच्या सीटवर टॉवेल आणि लेगिंग आधीच दिसत होते. बेत सकाळचाच होता. चारुदत्तांनी मुकाट्याने गाडी वळवली.

तळ्यावर पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. काठ मिठाने पांढरा पडलेला, हवेला गंजलेल्या लोखंडासारखा वास. पर्यटक निघून गेले होते. आइसक्रीमच्या टपरीची म्हातारी, युनिस, तेवढी शटर ओढत होती.

"पोहता येतं का तिला?" तिने विचारलं.

"नाही."

"इथे चालतं. वारा पडला की मात्र बाहेर बोलवा. आणि नाव घेऊन बोलवा."

"नाव घेऊन कशाला?"

"नाव घेऊन," ती पुन्हा म्हणाली आणि शटर लावून गाडीत बसली.

घाबरवून गिऱ्हाईक बांधायची ही नवीनच तऱ्हा, असं चारुदत्तांना वाटलं. ते माधवीची पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसले. ती पाठीवर तरंगत होती, लहान मुलीसारखी हसत होती. "अहो, बघा... पाय टेकतच नाहीत."

मग वारा पडला. काठावरचं गवत हलायचं थांबलं. लाटांचा आवाज थांबला. माधवी बरीच आत गेली होती. पाण्यावर नुसता एक काळा ठिपका.

आता, चारुदत्तांनी लग्न झाल्यापासून चारचौघांत बायकोला नावाने हाक मारलेली नव्हती. इथे चारचौघं नव्हती, पण तोंडाला वळण तेच.

"अगं ए... चल आता."

ती आली. टॉवेल डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. काही न बोलता त्यांच्यासमोरून गेली आणि गाडीत पुढे बसली. तेही बसले. किल्ली फिरवताना त्यांची नजर तिच्या हातावर गेली.

काठावर भिजलेले त्यांचे बूटसुद्धा वाळून पांढरे झाले होते. हिच्या हातावर मिठाचा कण नव्हता. पाण्याचा थेंबही नव्हता.

"गुडघे कसे आहेत?" त्यांनी जपून विचारलं.

"बरे आहेत. चला ना..." आवाज माधवीचाच.

तेवढ्यात तळ्यावरून हाक आली, "अहो... मला सोडून कुठे निघालात?"

चारुदत्त शेजारी न बघता उतरले. धावत काठाशी गेले आणि ओरडले, "माधवी!"

ती कुडकुडत बाहेर आली. भुवयांवर मीठ. त्यांनी तिचा हात धरला, आणि मसूर चावून बघावा तशी त्यावर जीभ लावली. खारट.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

गाडीपाशी आल्यावर तिने मागचं दार उघडलं.

"पुढे बस की."

"पुढे..." तिने काचेकडे बोट दाखवलं. "पुढे कोण बसलंय?"

त्यांना सीट रिकामी दिसत होती.

पण थांबणार कुठे? टपरी बंद, आसपास घर नाही, फोनला रेंज नाही. दोन्ही बाजूंना नुसता गहू. ते निघाले. निघताच सीट बेल्टचा इशारा टिंग टिंग वाजू लागला. शेजारच्या सीटवर वजन पडलं तरच तो वाजतो, हे चारुदत्तांना ठाऊक होतं. त्यांनी आवाज ऐकूच येत नाही असं दाखवलं. माधवी मागे पुटपुटत रामरक्षा म्हणत होती.

हायवे लागल्यावर खट् झालं. बेल्ट लागला. इशारा थांबला.

सस्काटूनचे दिवे दिसले तशी माधवी पुढे वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "घरी नको. अनुया आहे... बाळ आहे."

त्यांनी मान हलवली. घराचं वळण आलं. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, वेग कमी केला नाही, आणि वळण मागे पडू दिलं.

"अहो," माधवीच्या आवाजात कुणी म्हणालं, "आपलं वळण गेलं."

चारुदत्तांनी आरशात पाहिलं. मागे बसलेल्या माधवीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.